पोरांनी पेपर वाचायचं सोडलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. आधी वडील बोलतात. मुलगी हुशार आहे, तिला पर्यावरणात काम करायचंय, तेही कायदे आणि धोरणं ठरतात त्या बाजूला, तर कुठला कोर्स बरा? मग मुलगी फोन घेते आणि हळूच विचारते, "मॅडम, आत्तापासून काय वाचायला घेऊ?"

मी सांगते, वाच, भरपूर वाच. पण त्याआधी दोनशे पानांची एक वही आण आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोध. आपल्या नळाला पाणी कुठून येतं? आपली वीज कुठून येते? आणि आपला कचरा कुठे जातो? पुन्हा एकदा सांगते, हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐका. पाणी कुठून येतं, वीज कुठून येते, कचरा कुठे जातो.

मुलगी पुण्याची असेल तर पाणी बहुतेक खडकवासल्याचं, म्हणजे वरच्या पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांचं. याच धरणांचं पाणी कालव्यानं पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीलाही जातं. म्हणजे आंघोळीची दुसरी बादली भरताना आपण कुणाच्या तरी उसाशी, कुणाच्या तरी ज्वारीशी वाटणी करत असतो. विजेचा मोठा भाग आपल्या राज्यात अजूनही कोळशातून येतो. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि तिथली राख, तिथली धूळ ही चंद्रपूरच्या माणसांच्या वाट्याला येते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला कळलं की आपला कचरा कुणाच्या तरी विहिरीशेजारी जातोय.

आता काटकसरीनं कसं राहायचं, ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं, भाजी धुतलेलं पाणी झाडांना कसं घालायचं, हे मी सांगत बसणार नाही. ते तुमच्या घरात तुमच्या आजीला माझ्यापेक्षा चांगलं येतं. एकच बोलून घेते, विषय सोडून आहे तरी. हल्ली लग्नात प्रत्येक पानापाशी पाण्याची छोटी बाटली ठेवतात. दोन घोट प्यायचे आणि उठून जायचं. पाचशे माणसांच्या लग्नात पाचशे अर्ध्या भरलेल्या बाटल्या! पंगतीत तांब्या घेऊन फिरणारी चार मुलं कुठल्याही कुटुंबात निघतात. त्या मुलांना त्या निमित्तानं सगळे पाहुणे ओळखीचे होतात. तांब्या-भांडं परत आणा, असं मी प्रत्येक लग्नघरी सांगते आणि सांगत राहणार.

तर वही. ही वही मी कुठे शिकले, ते आज तुम्हाला सांगायचंय.

मी एम.एस्सी.ला पुण्यात होते. साल २००९. कर्वेनगरला एका चार मजली इमारतीत आम्ही तिघी मैत्रिणी भाड्यानं राहत होतो. लिफ्ट नव्हती. बारा फ्लॅट, आणि त्यातल्या नऊ घरांत आमच्यासारखी शिकणारी मुलं-मुली. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर काम करायला लागली होती. त्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून उभी राहिलेली, डॉ. बाबा आढावांचा आधार लाभलेली संघटना. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी तिच्या सभासद. रोज सकाळी साडेसातला जिन्यात त्यांच्या बांगड्या वाजायच्या. चार मजले चढायच्या, चार मजले उतरायच्या.

त्यांची कमाई दोन वाटांची. घरटी महिन्याला ठरलेले पैसे, आणि सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगं जे निघेल ते. हे मला माहीत होतं. वर्गात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं.

मी तेव्हा पर्यावरणाच्या विचारानं पेटलेली होते. एका रविवारी मी सगळ्या इमारतीत फिरले. म्हटलं, जुने पेपर, पुठ्ठे, वह्या, बाटल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, सगळं मला द्या. आपण ते विकू, आणि त्या पैशांतून टेकडीवर झाडं लावू. मुलांना कल्पना फार आवडली. रद्दीच्या दुकानापर्यंत जाण्याचा कंटाळा असलेली मुलं ती, एरवी हे सगळं तसंच दाराबाहेर ठेवायची. जिन्याखाली मी तीन पोती बांधून ठेवली. पाच आठवड्यांत ११४० रुपये जमले. त्याची आम्ही गुलमोहराची रोपं आणली, टेकडीवर लावली, फोटो काढले.

गुलमोहर तरी का? आज मी ते करणार नाही. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि खुरट्या झाडोऱ्याच्या. गवत म्हणजे मोकळी जागा, असं आपल्या मनात कुणी भरवलंय कोण जाणे. गवतावर चंडोल जगतात, ससे जगतात, धनगराची मेंढरं जगतात. दिसलं माळरान की खणा खड्डे, ही सवय मोडायला हवी. असो, मावशींकडे येते.

सहाव्या आठवड्यात मी कॉलेजला निघाले होते. मावशी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पोतं शेजारी. मी "मावशी, बरं आहे ना" असं विचारून पुढे जाणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"ताई, ह्या बिल्डिंगीतल्या पोरांनी पेपर वाचायचं सोडलं का?"

मी म्हटलं, नाही हो, का?

"न्हाई, महिना झाला, रद्दी नाही, पुठ्ठा नाही. मला वाटलं, पोरांची पैशाची वढाताण चाललीया. म्हणून इचारलं."

श्रोतेहो, त्यांनी जिन्याखालची माझी पोती पाहिली नव्हती असं नाही. रोज त्याच जिन्यानं त्या यायच्या. त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी त्यांनी प्रश्न असा विचारला की मला उत्तर देता यावं. मी ते उत्तर दिलं. पोती माझी आहेत, पैशांची झाडं लावली, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झाड लावलं ते चांगलं केलं." आणि पोतं उचलून वर गेल्या.

त्या संध्याकाळी मी ११४० रुपये गोळा केले. मेसचे काही, मैत्रिणींकडून उसने काही. दुसऱ्या दिवशी ते पाकिटात घालून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात मागे घेतला. "पैसं नको. पेपर सोड." आणि पहिल्यांदाच मला 'ताई' न म्हणता म्हणाल्या, "पोरी, उद्या येतीस का माझ्याबरोबर? शिकतीयास ना कचऱ्याचं? मग बघ तरी."

मी गेले. एक दिवस म्हणून गेले आणि अकरा दिवस जात राहिले. एकशे चाळीस घरं. तिसऱ्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले, आणि माझं वय तेव्हा बावीस. चालता चालता त्या बोलायच्या. मूळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या, बहात्तरच्या दुष्काळात आईबापांबरोबर पुण्यात आलेल्या. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. शाळा पाहिलेली नाही. पण फेरी संपली की रस्त्याच्या कडेला बसून त्या माल निवडायच्या, ते पाहायला हवं होतं तुम्ही. पांढरा कागद वेगळा, पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा. काच, पत्रा. पाण्याच्या बाटलीला त्या 'बिसलेरी' म्हणायच्या, कंपनी कुठलीही असो. तडकन मोडणारं प्लास्टिक ते 'कडक'. डोळे मिटून नुसतं चुरगाळून त्या सांगायच्या, हे कुठल्या ढिगात जाणार. प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि सगळे भाव तोंडपाठ.

सगळं निवडून झालं की पोत्याच्या तळाशी दोन गोष्टी उरायच्या. एक, वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं. मी विचारलं, हे का नाही घेत? म्हणाल्या, "ह्याला कोन इचारतंय? ज्यानं बनीवलं त्याला पायजे असतं तर त्यानं घेतलं असतं की परत."

दुसरी गोष्ट सांगताना मला आजही जड जातं. वापरलेले सॅनिटरी पॅड. कुणी नुसतेच टाकलेले, कुणी ओल्या कचऱ्यात, उघडे. त्या हातानं वेगळे करायच्या. आमच्याही घरातून तसेच जात होते. तीन शिकलेल्या मुली, पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या.

अकराव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "तुला लिहिता येतं. खाली एक पाटी लिही. म्हणावं, कागदात गुंडाळा आन् वर लाल रंगानं ठिपका काढा, म्हंजी मी उघडणार न्हाई." लाल ठिपक्याची ही साधी खूण पुण्याच्या कचरावेचकांनी पुढे घरोघरी नेली, तुमच्यापैकी काहींच्या घरात आज ती असेल. मी मोठ्या अक्षरांत मराठीत सहा ओळी लिहिल्या आणि जिन्याखाली, जिथे माझी पोती होती तिथेच, चिकटवल्या. आठवड्यानं मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, बारापैकी सात घरं करायला लागली.

उरलेल्या पाच घरांत मी दार वाजवून गेले. दोघांनी सांगितलं, आम्हाला मराठी वाचता येत नाही. मग हिंदीत लिहिलं. एका काकूंना लाल पेन कुठून आणायचं हा प्रश्न होता, त्यांनी कुंकवाचं बोट लावायला सुरुवात केली. चौथ्या घरानं ऐकलं. पाचव्यानं नाहीच ऐकलं. माझ्या वहीचं पहिलं पान तिथे सुरू झालं. किती घरं, काय अडचण, काय बदललं, कोण राहिलं.

आता कायद्याचं थोडक्यात, वेळ कमी उरलाय. ८ एप्रिल २०१६ ला केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. मी ते छापून घेतले आणि आधी व्याख्यांचं पान उघडलं. त्यात कचरावेचकाची व्याख्या होती. त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं महापालिकांना सांगितलं होतं. पॅड नीट गुंडाळून द्या, असं घरांना सांगितलं होतं, आणि त्यासाठी पाकीट द्या, असं कंपन्यांना. चकचकीत पाकिटांची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकणारे प्लास्टिकचे नियमही त्याच वर्षीचे, आणि त्यासाठीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं फेब्रुवारी २०२२ ची. मावशी रस्त्याच्या कडेला जे बोलल्या होत्या, ते दिल्लीच्या राजपत्रात यायला इतकी वर्षं लागली.

म्हणून फोनवरच्या मुलीला मी सांगते, पदवी कुठलीही घे. कायदा घे, अर्थशास्त्र घे, विज्ञान घे. पण पर्यावरणाच्या नियमांचा मसुदा निघतो तेव्हा साधारण साठ दिवस हरकती आणि सूचनांसाठी असतात. त्या साठ दिवसांत एक तरी सूचना लिहून पाठव, वहीतल्या आकड्यांसकट. जिल्ह्यात एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी असली तर एसटीनं जा आणि शेवटपर्यंत बस. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज कर, आपल्या वॉर्डातला कचरा कुठे जातो ते विचार. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

आणि मराठीत लिहायला शिक. हे मी कळकळीनं सांगते. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तो इंग्रजी आणि हिंदीत. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. रत्नागिरीच्या मच्छीमाराला, गडचिरोलीच्या ग्रामसभेला जो कागद वाचता येत नाही, त्यावर त्यांनी हरकत घ्यायची कशी? जिला कायदा समजतो आणि सोपं मराठीही लिहिता येतं, अशी एक मुलगी प्रत्येक तालुक्यात हवी आहे.

मावशी आता फेरीला जात नाहीत, गुडघ्यांनी साथ सोडली. त्यांची सून त्याच गल्लीत येते. मागच्या दिवाळीला मी भेटायला गेले होते, तेव्हा जाताना घरातली दोन महिन्यांची रद्दी बरोबर घेऊन गेले. त्यांनी दोरी सोडली, वरचा पेपर उघडला आणि नातीला म्हणाल्या, "वाच गं, काय लिवलंय."

श्रोतेहो, आजपासून सात दिवस तुमच्या घरातून काय काय बाहेर जातं त्याची नोंद करा. ओलं किती, सुकं किती, आणि तळाशी काय उरतं. वहीचं ते पान आकाशवाणीच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या भाषणात त्यातली काही पानं मी वाचून दाखवीन. नमस्कार.