बशीतली पेशी आणि ताटातली हळद

नमस्कार. गेले काही आठवडे तुमच्यापैकी अनेकांनी मला एकच चित्रफीत पाठवली आहे. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढत आहेत, त्यांवर हळदीतील कर्क्युमिनचे द्रावण टाकले जाते आणि काही तासांत त्या पेशी आक्रसून मरतात. हे खरे आहे का, असे तुम्ही विचारता. बशीत जे दिसते ते खरे आहे. त्याखाली लिहिलेले ‘रोज एक चमचा हळद घ्या, कॅन्सर पळेल’ हे वाक्य मात्र खरे नाही.

पायाभूत माहिती थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही अनेकदा ऐकली असेल. हळदीतील कर्क्युमिन, टोमॅटोतील लायकोपिन, सोयाबीनमधील जेनिस्टीन, द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेरॅट्रॉल अशी असंख्य रसायने वनस्पती तयार करतात. त्यांपैकी काही, पेशीला ‘वाढ’ असा आदेश देणारे संदेश अडवतात, तर काही बिघडलेल्या पेशीला स्वतःचा नाश घडवून आणण्यास प्रवृत्त करतात. प्रयोगशाळेत हे वारंवार दिसले आहे.

अडचण मात्रेची आहे, आणि आजचा बहुतेक वेळ मी तिच्यासाठीच राखून ठेवला आहे. बशीतील पेशीला कर्क्युमिन थेट मिळते, तर ताटातील कर्क्युमिनला पोट, आतडे आणि यकृत ओलांडून रक्तात पोहोचावे लागते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याला यकृत लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर टाकण्याच्या वाटेला लावते. माणसांना रोज 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन केलेल्या एका सुरुवातीच्या चाचणीतही रक्तातील त्याचे प्रमाण 2 मायक्रोमोलरच्या (द्रवात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) खालीच राहिले. बशीतील प्रयोगांत मात्र सर्रास 10 ते 50 मायक्रोमोलर वापरले जाते.

हेच आता स्वयंपाकघराच्या हिशेबाने पाहू. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते, म्हणजे 3 ग्रॅमच्या चमचाभर हळदीत ते जेमतेम 90 मिलिग्रॅम भरते. त्या चाचणीतील 8 ग्रॅम गाठायचे तर रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल, आणि तरीही रक्तात बशीइतके प्रमाण होणार नाही.

तिसऱ्या बाजूनेही हे तपासता येते. कर्क्युमिन शोषले जात नसेल, तर निदान मोठ्या आतड्याच्या अस्तराला तरी ते भरपूर मिळत असेल, असा विचार संशोधकांनी केला आणि तो योग्यच होता. आनुवंशिक दोषामुळे आतड्यात असंख्य गाठी येणाऱ्या 44 रुग्णांची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील काहींना वर्षभर रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या, आणि शेवटी दोन्ही गटांतील गाठींच्या संख्येत फरक आढळला नाही. जिथे परिणामाची सर्वाधिक आशा होती, तिथली ही स्थिती आहे.

यावर हमखास येणारी सूचना म्हणजे ‘सोबत मिरी घ्या’. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील 20 मिलिग्रॅम पायपरिन दिल्यास रक्तातील उपलब्धता सुमारे 20 पटींनी वाढते. हा निष्कर्ष मला मान्य आहे. पण त्या प्रयोगातील नुसत्या 2 ग्रॅम कर्क्युमिनने रक्तातील प्रमाण मोजता येण्याच्या उंबरठ्यावरच राहते, त्यामुळे त्याची वीसपटही मोठी ठरत नाही. शिवाय पायपरिन हे साधते ते यकृतातील विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावून, आणि तीच विकरे केमोथेरपीची अनेक औषधेही मोडत असतात.

माझ्या मावशींना स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा भेटायला येणारे आपुलकीने काही ना काही घेऊन येत, आणि त्यात मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलही होत्या. त्यांच्या डॉक्टरांनी घरातील सगळ्या बाटल्या मागवून घेतल्या आणि त्या कॅप्सूल उपचार संपेपर्यंत बंद केल्या. स्तनाच्या कॅन्सरच्या प्रयोगातील उंदरांमध्ये आहारातील कर्क्युमिनमुळे सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधाचा परिणाम घटल्याचे 2002 मध्ये नोंदले गेले होते. उंदरांवरून माणसांबद्दल निश्चित विधान करता येत नाही, पण उपचार चालू असताना हा धोका पत्करण्याचे कारणही नाही. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. म्हणून कॅप्सूल, काढा, अर्क यांतील जे काही घरात चालू असेल, ते डॉक्टरांना नावासह सांगा. आमटीतील चिमूटभर हळदीला यातील काहीही लागू नाही.

एका प्रेक्षकाने लिहिले की मी आपल्या हळदीची बदनामी करतो. माझे आजोबा सांगलीत हळदीचा व्यापार करत. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षे न किडता राहिलेली हळद मी पाहिली आहे, आणि 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले तेव्हाची व्यापाऱ्यांची हानीही पाहिली आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या रंगामुळे आणि गुणामुळे. तिच्या नावाने खोटी आशा विकली गेली, तर रुग्ण बुडतो आणि हळदीचे नावही खराब होते.

‘वनस्पतीतून औषध मिळतच नाही का?’ असेही विचारले जाते. अवश्य मिळते. आपल्या दारात फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन काढले जाते आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही वापरतात. मात्र ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिले जाते. सदाफुलीची पाने चावून खाणे विषारी आहे, कृपया तसे करू नका.

आणि नैसर्गिक पदार्थाची गोळी निरुपद्रवीच असते, असेही समजू नका. भाज्यांतील बीटा-कॅरोटीन गोळीतून दिल्यास धूम्रपान करणाऱ्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर टळेल, या आशेने फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा या गोळ्या घेणाऱ्यांत तो कॅन्सर 18 टक्के जास्त आढळला.

शेवटचा प्रश्न तासगावहून आला आहे: बेदाण्यांतील रेस्व्हेरॅट्रॉलचा कॅन्सरवर उपयोग होतो का? बेदाण्यात ते इतके अत्यल्प असते की त्यासाठी बेदाणे खाण्यात अर्थ नाही. चवीसाठी आणि तंतुमय अंशासाठी जरूर खा. मधुमेह असेल, तर किती खायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा.