‘बस’ : एका प्रत्ययाची गोष्ट

फ्रान्समधलं नान्त शहर. साल 1826. स्तानिस्लास बोद्री नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची गावाबाहेर पिठाची गिरणी होती. गिरणीतल्या गरम पाण्यावर त्यानं स्नानगृह काढलं आणि गिऱ्हाइकांसाठी गावातून घोडागाड्या सुरू केल्या. लोक गाडीत बसत, पण वाटेतच उतरून आपापल्या कामाला जात. बोद्रीच्या ध्यानात आलं, धंदा आंघोळीत नाही, गाडीत आहे!

गाडीला नाव पडलं ‘ओम्निबुस’. म्हणतात की, थांब्यासमोर ओम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘ओम्नेस ओम्निबुस’. पाटीची गोष्ट रचलेली असेलही, पण व्याकरण पक्कं आहे. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. ‘ओम्नेस’ ही त्याची प्रथमा, अनेकवचन : सगळे. ‘ओम्निबुस’ ही चतुर्थी : सगळ्यांसाठी. म्हणजे ‘सगळ्यांसाठी सगळे’ किंवा ‘सर्वांसाठी ओम्नेस’, हवं तसं वाचा.

यातलं ‘ओम्नि’ हे अंग, ‘बुस’ हा प्रत्यय. पंचमीच्या अर्थानंही अनेकवचनात हेच रूप चालतं, आणि तिन्ही लिंगांत ते बदलत नाही.

आता पूजेच्या सुरुवातीला गुरुजी काय म्हणतात ते आठवा. ‘सर्वेभ्यो देवेभ्यो नमः’. त्यातला ‘भ्यः’ म्हणजेही चतुर्थीचं अनेकवचन, आणि पंचमीचंही तेच! ‘सर्व’ आणि ‘ओम्निस’ यांचं नातं नाही. ‘भ्यः’ आणि ‘बुस’ मात्र एकाच प्राचीन भाषाकुळातले भाऊबंद.

4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबीअरनं लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ऑम्निबस चालवली. पुढे इंग्रजांनी घाईत शब्द छाटला आणि छाटताना नेमकं अंगच टाकून दिलं. हाती उरला नुसता प्रत्यय. आपण ‘सर्वांना’मधलं ‘सर्वां’ गाळून गाडीला ‘ना’ म्हणावं, तसा हा प्रकार.

15 जुलै 1926 रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. मराठीनं तिला स्त्रीलिंग दिलं आणि आपले प्रत्यय जोडले : बसनं, बसमध्ये, बसला. ‘आज बसला उशीर झाला’ असं कुणी थांब्यावर कुरकुरतं, तेव्हा लॅटिन चतुर्थीच्या प्रत्ययाला मराठी चतुर्थीचा प्रत्यय लागलेला असतो.