भर वर्गातला ‘का?’

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वर्गातील भावनिक उद्रेक : हाताळणीच्या पायऱ्या’. पायऱ्या सांगणार आहे, पळून जात नाही. पण एका प्रश्नाशी माझं जुनं भांडण आहे. ते आधी तुमच्यापुढे घालतो, कारण ऐकणारे शिक्षक आज बऱ्याच दिवसांनी आयते सापडलेत.

पाचवीचा वर्ग घ्या. अपूर्णांकांची बेरीज चाललीय. मागच्या बाकावरचा मुलगा खोडरबर घासतोय. कागद भुरभुरतो, मग भोक पडतं. पेन्सिलीचं टोक मोडतं. कान लाल झालेत, पाय हलतोय. आपण फळ्याकडे तोंड करून उभे. आणि मग टर्रकन आवाज येतो: पान फाटलं, वही भिरकावली. आपण वळतो आणि म्हणतो, ‘ए, उभा राहा! वही का फेकलीस?’ असं म्हणणाऱ्यांनी हात वर करू नका, उगाच अख्खं सभागृह दिसेल.

आता या वाक्याचं काय होतं ते बघा. ‘उभा राहा’ म्हटल्याबरोबर चाळीस माना वळतात. म्हणजे ज्याला लपायचं होतं, त्याला आपण रंगमंचावर चढवलं. आणि वर ‘का?’ धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, ठोके वाढतात, श्वास उथळ आणि भराभर होतो, स्नायू आवळतात. लढा किंवा पळा. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच हे मांडलं. त्या वेळी मेंदूचा कपाळामागचा भाग, जो क्रम लावतो, शब्द जुळवतो, परिणाम तोलतो, तो मागे पडतो. मोठ्या माणसातही पडतो, आणि मुलांमध्ये तर तो भाग पूर्ण तयारच झालेला नसतो. त्याला साधारण 25 वर्षं लागतात. ‘का?’चं उत्तर द्यायचं तर नेमका तोच भाग हवा. मग मुलगा म्हणतो, ‘काही नाही.’ किंवा बोलतच नाही. आणि स्टाफरूममध्ये आपण सांगतो, ‘फार उद्धट आहे हो, उत्तरसुद्धा देत नाही.’

‘का’ विचारायचाच आहे. पण अर्ध्या तासाने, आणि एकट्याला. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

या प्रश्नाचा एक सज्जन चुलतभाऊ आहे: ‘मोठा श्वास घे.’ प्रशिक्षणांमधून तो घराघरात पोचलाय. हेतू चांगला, पण घाबरलेलं मूल आधीच भराभर श्वास घेत असतं. त्याला ‘मोठा घे’ म्हटलं की ते छाती फुगवून चार-पाच मोठे श्वास ओढतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना नि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. मूल आणखी घाबरतं आणि आपण म्हणतो, ‘अजून मोठा घे!’ इलाजानेच आजार वाढवायचा हा प्रकार आहे.

कामाचा असतो तो सोडलेला श्वास. श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात. म्हणून घेणं लहान, सोडणं लांब: तीन आकड्यांत नाकाने घ्या, पाच-सहा आकड्यांत तोंडाने सोडा, मध्ये रोखायचं नाही, पाच-सहा वेळा पुरे. लहान मुलांना आकडे सांगत बसू नका. शेंगदाण्याची सालं फुंकून उडवतो तशी हळू, लांब फुंकर मारायला सांगा. कागदाचं भिरभिरं दिलंत तर उत्तम. ते जोरात फिरवायचं नाही, थांबू द्यायचं नाही, एवढाच नियम. ‘डोळे मिटा’ची सक्ती नको, काही मुलांना डोळे मिटले की जास्त भीती वाटते. दम्याच्या मुलाला धाप लागली असेल तर हे खेळ बाजूला ठेवा, त्याचा पंप आणा.

आणि हे शिकवायचं कधी? परिपाठात. पसायदानानंतर दोन मिनिटं, रोज, सगळे शांत असताना. उद्रेकाच्या क्षणी कुणी नवं काही शिकत नाही. तेव्हा सवयीचं असेल तेवढंच हाताशी येतं.

शांत कोपरा, म्हणजे मुलाला सावरायला वर्गात राखलेली जागा, त्याबद्दलही बोलतो, कारण तो हल्ली फोटोपुरता झालाय. बस्कर, रंगीत पताका, भिंतीवर हसरे चेहरे, आणि त्यात बसलेला मुलगा रडतोय, कारण त्याला ‘जा, कोपऱ्यात बस’ म्हणून धाडलाय. म्हणजे जुनी शिक्षाच, वर रंग दिलेली. मुलांना मानसिक त्रास देण्यावर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने बंदी घातली आहे, आणि वर्गादेखत पाणउतारा त्यातच येतो. कोपरा हवा तर मुलाची पाठ भिंतीला लागेल, तुम्हाला तो दिसेल आणि वर्गाला त्याचा चेहरा दिसणार नाही, असा निवडा. किलोभर वाळू भरून शिवलेली पिशवी मांडीवर ठेवायला, रद्दी कागद फाडायला, एक घड्याळ. एका वेळी एकच मूल, पाच मिनिटं. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनाच तिथे जायचं असेल, जाऊ द्या, नवलाई ओसरते. वर्गात जागाच नसेल तर शेजारच्या वर्गाच्या बाईंशी आधीच ठरवा: ‘ही वही त्यांना देऊन ये.’ वहीत काही नसतं. बाई ती घेतात, दोन मिनिटांनी परत देतात. मूल चाललं, वर्गाबाहेर पडलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, पायऱ्या.

खोडरबराचं भोक दिसलं तिथेच पोचा. तेव्हा बोलायचंही नसतं, बाकाजवळून जाता जाता उदाहरण सोपं करून द्यायचं: ‘पहिलं एकच सोडव.’ भडका उडालाच तर आधी बाकीच्या वर्गाला काम द्या, त्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात एक पानक्रमांक कायम लिहून ठेवा. मग मुलाजवळ जा, पण समोर नको. बाजूला, हातभर अंतरावर, शक्यतो खाली बसून. हात धरू नका. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेवढाच अपवाद. आवाज त्याच्यापेक्षा खाली, वाक्य चार-पाच शब्दांचं: ‘मी इथे आहे. घाई नाही.’ भावनेला नाव द्यायचं ते हळू, प्रश्नासारखं: ‘राग आला? की लाज वाटली?’ भेदरलेल्या किंवा रागावलेल्या चेहऱ्यांची चित्रं पाहताना त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं. मात्र सातवीतल्या मुलाला वर्गादेखत ‘घाबरलास ना?’ म्हणू नका, मधल्या सुट्टीत त्याचं काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग पाणी, आणि वाट पाहणं. वरवर शांत दिसलं तरी शरीर खाली यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. मधेच उपदेश केला की दुसरा भडका पहिल्यापेक्षा मोठा. त्यानंतर तुमचा तो ‘का?’. आणि निस्तरणं त्याच्याच हातून: फाटलेलं पान चिकटपट्टीने जोडायचं, राहिलेलं गणित करायचं. ते सोडून दिलंत तर वही फेकली की गणित सुटतं, हेही मूल शिकतं.

एक वही ठेवा. वेळ, आधी काय घडलं, नंतर काय मिळालं, तीनच रकाने. दोन आठवड्यांत नक्षी दिसते. रोज खिचडीच्या आधीच्या तासाला भडकत असेल तर ते मूल सकाळी उपाशी येतंय का, ते बघा. प्रकट वाचनाच्या वेळी भडकत असेल तर वाचन तपासा.

न भडकणारी मुलं राहिलीच. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले आणि मूल आजीपाशी राहिलं, ते बऱ्याचदा ओरडत नाही, थिजतं. खिडकीबाहेर बघतं, डबा उघडत नाही. त्याला ‘शहाणं’ म्हणून मोकळे होऊ नका. रोज एकदा नावाने हाक, एक छोटं काम, एवढ्याने सुरुवात होते.

मरणाची भाषा आली तर स्पष्ट विचारा, विचारल्याने कल्पना डोक्यात जात नाही. एकटं सोडू नका, मुख्याध्यापक आणि पालकांना त्याच दिवशी सांगा. मदतीचे फोन: मानसिक आरोग्यासाठी सरकारी टेली-मानस 14416, संकटातल्या मुलांसाठी चाइल्डलाइन 1098. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

एक चिठ्ठी वाचतो, ‘पालकांना काय सांगायचं?’ फोन संध्याकाळी करा, शेतावर किंवा कामावर असताना नको. पहिलं वाक्य तक्रारीचं नको: ‘आज त्याने स्वतः वही चिकटवली’ इथून सुरू करा, मग घडलं ते सांगा, आणि घरी असं होतं तेव्हा तुम्ही काय करता, हे विचारा. आजीला बहुतेक वेळा उत्तर माहीत असतं. बाकीच्या चिठ्ठ्या जेवताना घेऊ.