माल यापेक्षा भारी आहे, बाई

नमस्कार श्रोतेहो.

बाजारातला लबाड कोण, असं विचारलं की आपलं बोट सरळ गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडं जातं. मापात पाप करणारा तो. कुरआनातल्या 83व्या सूरहची, म्हणजे अल-मुतफ्फिफीनची, सुरुवातच त्याच्यावर आहे: घेताना माप पुरेपूर घेतात, देताना कमी भरतात, अशांचा धिक्कार. आज मात्र बोलूया विकत घेणाऱ्याबद्दल. होय, घेणाऱ्याबद्दल.

इमाम अबू हनीफा. आठव्या शतकातले, इराकमधल्या कूफा शहरातले. इस्लामी कायद्यातली हनफी परंपरा त्यांच्याच नावानं चालते. एवढा मोठा विद्वान, पण चूल पेटायची ती कापडाच्या दुकानावर. जुनी चरित्रं सांगतात, एक बाई त्यांच्याकडं रेशमी वस्त्र विकायला आली.

"काय घेणार?"

"शंभर दिरहम."

आता आपण असतो तर? ऐंशीला मागितलं असतं, वर तोंड वाकडं करून! इमामसाहेब म्हणाले, "माल यापेक्षा भारी आहे, बाई."

बाईनं दोनशे सांगितले.

"यापेक्षा भारी आहे."

तीनशे. तरी तेच. चारशे झाले, तरी हे आपले, "यापेक्षा भारी आहे." बाई वैतागली. "थट्टा करताय का माझी?"

"मग कुणी जाणकार घेऊन या. त्याला करू दे भाव."

ती माणूस घेऊन आली, त्यानं वस्त्र पारखलं आणि सौदा झाला पाचशेला. ऐकलंत ना? मागितले शंभर, दिले पाचशे. आणि देणारा कोण, तर घेणारा!

बाईला भाव ठाऊक नव्हता, यांना होता. सगळी गोम तिथंच आहे. प्रेषित मुहंमद पैगंबरांनी व्यापाऱ्यांना बजावलं होतं, की माल घेऊन येणारा तांडा बाजारात पोचण्याआधी वाटेत गाठू नका. का? तर त्याला अजून बाजारभाव कळलेला नसतो.

आपल्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. गुऱ्हाळावरनं रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरून गाडी निघाली, की सौद्यात चार लोकांसमोर भाव निघावा, एवढंच शेतकऱ्याला हवं असतं. तिला वाटेतच अडवून "दादा, आज बाजार पडलाय, इथंच उतरव" म्हणणारा भेटला, तर वर्षाचा ऊस मातीमोल.

गुळाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. पिवळाधमक गूळ बघून भुलायचं सोडा. काहिलीत हायड्रॉस, म्हणजे गुळाचा रंग उजळायची रासायनिक पूड, पडतो तो कुणासाठी? आपल्यासाठीच. तांबूस गूळ नाकं मुरडून मागं सारणारे आपणच.

तर पुन्हा त्या तांड्याकडं. समजा कुणी वाटेत गाठलंच, पडत्या भावात माल घेतलाच, तर पुढं काय? प्रेषितांनी त्याचीही तजवीज केली. मालाचा धनी बाजारात आला, खरा भाव त्याच्या कानावर पडला, की वाटेतला सौदा ठेवायचा की मोडायचा हे त्यानं ठरवायचं. त्यानं, म्हणजे विकणाऱ्यानं. घेणाऱ्याला विचारायचंसुद्धा नाही.

नमस्कार.