पिशवी नावाचा घोटाळा

(सोलापुरातल्या एका महिला मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात स्त्रीरोगतज्ज्ञ वक्त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा, बसा. मागच्या अक्का, पुढे या, इथे पंख्याखाली जागा आहे. हळदीकुंकवाला डॉक्टर बोलावलीत आणि विषय दिलात ‘पाळीच्या तक्रारी व उपचार’. आमच्या आईच्या काळी अडचण आलेली बाई हळदीकुंकवाला जातच नसे. आज अडचणीवरच भाषण! बरं, वाण काय दिलंत? कापडी पिशवी. मघाशी हातात पडली आणि मला हसूच आवरेना, कारण माझं सगळं भांडण पिशवीशीच आहे.

ओपीडीत बाई येऊन बसते आणि सांगते, ‘पिशवीला सूज आलीय.’ नाहीतर, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे म्हणाले.’ गर्भाशय हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहिला. पूर्व भागातल्या तेलुगू बायका गर्भसंचि म्हणतात. संचि म्हणजेही पिशवीच. विजापूर वेशीतल्या उर्दूत बच्चादानी. चहादाणी, अत्तरदाणी, तशी बच्चादानी! कन्नडमध्ये गर्भकोश. एरवी कशावर एकमत न होणाऱ्या या गावात चारही भाषांचं इथे एकमत आहे: आत काहीतरी ठेवायची ती एक वस्तू. आणि रिकाम्या पिशवीचं आपण काय करतो? खुंटीला लावतो. उसवली की टाकून देतो.

एक बाई सांगते. छत्तीस वर्षांची, विड्या वळणारी. दोन मुलं, ऑपरेशन झालेलं. महिन्याला आठ-नऊ दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. तोंड पांढरंफटक. हजार विड्या होईनात म्हणून मजुरी तुटायची, ते दुखणं वेगळंच. हातात एका ठिकाणची सोनोग्राफी आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला. बचत गटाचं कर्जही मंजूर! मी विचारलं, ‘घाई कशाची?’ तर म्हणते, ‘वापरून झालीय की ओ मॅडम. ठेवून काय करू?’

हसू नका, तुमच्यातल्या निम्म्याजणींनी हेच म्हटलं असतं.

मी तो कागद पाहिला. गर्भाशय किंचित मोठं, एवढंच. दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं असतंच थोडं मोठं. त्याचं मराठीत ‘सूज’ झालं, आणि सूज म्हटली की पुढे कॅन्सर, हे बाईनं मनातच पूर्ण केलं. पिशवीच्या तोंडाच्या ‘जखमे’चंही तेच: आतलं लालसर अस्तर बाहेरून दिसतं, बहुतेक वेळा ती जखम नसतेच. पॅप तपासणी, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, करा आणि निवांत राहा.

तिचं हिमोग्लोबिन निघालं सात. थायरॉइड तपासलं, तर तिथेच घोटाळा. ते मंदावलं की पाळी जास्त जाऊ शकते. थायरॉइडची गोळी, लोहाच्या गोळ्या, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी गोळी. मी हार्मोनची तांबीही सुचवली, तर बाई ताडकन म्हणाली, ‘रिकामी करायला आले, तुम्ही आणखी भरताय होय!’ तांबी राहिली. पण चार-पाच महिन्यांत पाळी आटोक्यात आली. मग ती नणंदेला घेऊन आली. नणंदेची पिशवी बत्तिसाव्या वर्षीच काढलेली, दोन्ही अंडाशयांसकट. अंगातून वाफा, झोप नाही, हाडं दुखतात. बत्तिसाव्या वर्षी म्हातारपण! तिला मी काय परत आणून देणार होते?

अहो, ही पिशवी नाही, स्नायू आहे. एरवी पेरूएवढा, पन्नास-साठ ग्रॅमचा. नऊ महिन्यांत किलोभर होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा जवळजवळ मूळच्या मापावर येतो. कुठली पिशवी असं करते, दाखवा. आणि पाळीचा हुकूम तिचा नसतोच. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी, तिचा निरोप अंडाशयाला, अंडाशयाचा अस्तराला. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरातल्या बादलीला कुणी शिव्या घालतं का?

बीडच्या ऊसतोड बायकांचं ठाऊक आहे ना? २०१९ साली सरकारी समितीपुढे आलं, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्तजणींचं गर्भाशय काढलेलं. तिथे नुसता शब्दाचा दोष नव्हता, कामाला खाडा झाला की दंडही होता. पण ‘वापरून झाली’ हे वाक्य तिथेही...

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. म्हणजे खरा विषय आता पळत सांगायचा!

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. २१ ते ३५ दिवस ठीक. पाळीआधी साधारण १४ दिवस अंडं सुटतं. पाळी लांबते ती बहुधा त्याच्या आधीचे दिवस लांबल्यानं. एकूण रक्त ३०-४० मिली जातं, ८० च्या वर जास्त. तासातासाला पॅड भिजत असेल तर दाखवायला या.

पीसीओडी, म्हणजे अंडाशयात बारीक गाठी दिसतात तो त्रास: ‘गाठी’ म्हणून घाबरू नका, ती वाढ थांबलेली बीजं असतात. पण पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर उपचार हवेत, आणि साखर तपासा. एंडोमेट्रिओसिस: अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. मुलगी पोटदुखीनं दर महिन्याला शाळा बुडवत असेल तर ‘सहन कर’ म्हणू नका. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ: त्रास नसेल तर बहुतेकींच्या फक्त नजरेखाली ठेवतो. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर डाग जरी दिसला, तर त्याच आठवड्यात तपासणी. इथे मी ‘थांबा’ म्हणणार नाही. आणि खरंच गरज असेल तर गर्भाशय मीही काढते.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणी आहे, म्हणजे तो कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी. आपल्या शेजारच्या धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा त्यात हात होता. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या या तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर तो दाखला देतात. आपल्याकडे किती जणींनी तपासणी केलीय? ...तीन हात. मुलींना याच विषाणूची लस नऊ ते चौदा वर्षांत.

पिशवी नाही तर काय म्हणायचं, असं या मावशी विचारतायत. खरं सांगू? सापडलेलं नाही. गर्भाशय म्हटलं तरी आत गर्भच आला. तुम्हाला सुचलं तर सांगा. आता तिळगूळ घ्या, आणि मधल्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे, तुम्ही तेवढ्या थांबा.