शितावरून भात, पण शित कुठलं?

नमस्कार मंडळी! परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल आला, पाणी सकाळी सोडायचं की संध्याकाळी. २९ मतं पडली, सकाळ जिंकली, आणि लगेच एका काकांनी जाहीर करून टाकलं की अख्ख्या सोसायटीला सकाळच हवीय. आता नाइट शिफ्टवाले तेव्हा झोपलेले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे बटणांचा फोन, त्या ग्रुपवर नाहीतच.

आपल्याला वाटतं मतं कमी पडली म्हणून घोळ झाला. तसं नाहीये हो. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने जवळपास एक कोटी लोकांना पोस्टाने कार्डं पाठवली, २३ लाखांच्या आसपास परत आली, आणि त्यावरून सांगितलं की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन आरामात जिंकणार. जिंकले कोण, तर तेव्हा सत्तेवर असलेले रूझवेल्ट, ते पण ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन! झालं काय, तर पत्ते घेतलेले टेलिफोन डिरेक्टरीतून, गाड्यांच्या नोंदीतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे असणार, सांगा बरं? त्यात पुन्हा रूझवेल्टवर चिडलेलेच जास्त हौसेने कार्ड परत पाठवत होते. तिकडे जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने साधारण ५० हजार लोकांवर निकाल बरोबर सांगितला. त्याचाही टक्का थोडा हुकलाच, पण बाजू बरोबर होती.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो, पण वरवरचं शित घेतलं तर तळाला करपलंय ते कळणार कसं? चिठ्ठ्या काढल्यासारखी, कोणाचंही नाव येऊ शकेल अशी १००० माणसं निवडली, तर चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे, मग शहर पुण्याएवढं असो नाहीतर अख्खा देश. १०० माणसं घेतली तर १० टक्के. पण हे गणित चिठ्ठीवाल्या निवडीचं, 'ज्याला वाटेल त्याने क्लिक करा'ला ते लागूच होत नाही, तिथे लाख क्लिक आले तरी काय उपयोग.

मी सेक्रेटरींना म्हटलं, फ्लॅट नंबरच्या चिठ्ठ्या काढू, वीस दारं वाजवू. ते म्हणाले, वाजवणार कोण? मग मीच निदान आजींकडे गेलो. त्यांना पाणी दुपारी हवंय. आणि दुपार हा ऑप्शन पोलमध्ये नव्हताच!