पाऊस लागायच्या आधी अंगणाकडं बघा

श्रोतेहो, नमस्कार.

वळवाचा पहिला सडाका झाला की आपल्या कोल्हापुरात दोन गोष्टी हटकून होतात. लाईट जाते, आणि कुणाच्या तरी दारात कुणीतरी धाडकन आपटतं. लाईट तासाभरात येते. उतारवयात खुब्याचं हाड मोडलं तर माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं व्हायला महिनोन्‌महिने जातात.

आज बोलायचंय ते सीलर मारलेल्या फरशीबद्दल. नव्या बंगल्यापुढं, पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयाच्या आवारात पेव्हर ब्लॉक, कोटा, शहाबादी नाहीतर स्टॅम्प काँक्रीट घालायचं आणि वर सीलरचा, म्हणजे डाग-पाणी आत मुरू न देणारा चकचकीत कोट मारायचा, असा आता रिवाजच पडलाय. कोटाचा उपयोग आहे, नाही असं नाही. पानाची पिचकारी, गाडीचं ऑइल, हळदीच्या दिवशी सांडलेली हळद आत मुरत नाही. ब्लॉकचा रंग उन्हानं लवकर विटत नाही. पण खरी हौस वेगळीच असते. दगड भिजला की कसा गडद, उठून दिसतो, तसा तो बारा महिने दिसावा. दुकानदार त्याला ‘वेट लुक’ म्हणतात. आणि हा वेट लुक खरोखर वेट झाला की पंचाईत होते.

दगडाला, काँक्रीटला मुळात बारीक खरखर असते. पाऊल पडलं की तळव्याखालचं पाणी त्या खाचांत सरकतं आणि तळवा दगडाला टेकतो. ॲक्रेलिक, पॉलियुरेथेन किंवा एपॉक्सीचा कोट या खाचा भरून काढतो. मग पाण्यानं जायचं कुठं? त्याचा पातळ पापुद्रा पाय आणि फरशी यांच्यामध्येच अडकतो आणि पाय त्याच्यावरून सुटतो. त्यात पायात कातडी तळाची कोल्हापुरी असेल तर बोलायलाच नको. बरं, हे पावसाळ्यापुरतंही नाही. ज्या घरात पहाटे दारात सडा पडतो, तिथं फरशी रोजच ओली असते.

मात्र आपटलं कुणी की लगेच कोटाला दोष देऊ नका. पंचगंगेच्या घाटावर कुणी पॉलिश मारलेलं नाही, तरी पावसाळ्यात तिथल्या पायऱ्या निसरड्या होतातच. तिथं दोषी असतं शेवाळ. तुमच्या दारात दोषी कोण, ते ओळखायला सोपं आहे. हात-दीड हात जागा कपडे धुवायच्या पावडरीनं आणि कडक ब्रशनं खसाखसा घासा, भरपूर पाण्यानं धुवा, आणि ओली असतानाच त्यावर पाय घासून बघा. पाय धरला तर दुखणं शेवाळाचं. ते घासून काढायचं, लागलं तर ब्लीचिंग पावडरचं पाणी थोडा वेळ ठेवून धुवायचं, आणि सावलीत सतत ओल कशानं राहते ते शोधायचं. एवढं घासूनही पाय सुटतच असेल तर मग कोट.

इथं एक गोष्ट जरा दरडावूनच सांगतो. फरशी घासायला ॲसिड आणायची आपल्याकडं फार खोड आहे. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फस्सकन फेस येतो, तो दगडच विरघळत असतो. आणि ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बोळात, जिन्याखाली हा खेळ जिवावर बेततो. दोन्ही एका बादलीत तर नकोच, पण एकापाठोपाठ एकही नको.

आता कोटाकडं वळू. तो कशाचा आहे हे आधी कळलं पाहिजे. डबा राखून ठेवला असेल तर उत्तमच, पण डबे कोण ठेवतं! मग कापसाचा बोळा झायलीनमध्ये, म्हणजे थिनरसारख्या एका द्रवात बुडवायचा, कोपऱ्यात एका जागी अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि बोटानं चाचपायचं. चिकट लागलं तर सॉल्व्हंटवालं, म्हणजे थिनरच्या जातीच्या द्रवात विरघळवलेलं ॲक्रेलिक, आणि नशीब तुमचं बरं. ढिम्म हललं नाही तर बहुधा पॉलियुरेथेन किंवा एपॉक्सी. (एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. ते उघड्या अंगणात का मारतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.)

ॲक्रेलिक असेल तर फरशी स्वच्छ धुऊन खडखडीत वाळवायची आणि त्याच जातीच्या सीलरचा एकच पातळ हात द्यायचा, त्यात न घसरण्याची पावडर मिसळून. रंगाच्या मोठ्या दुकानात ती ‘अँटी-स्किड पावडर’ म्हणून मिळते. बारीक रव्यासारखी दिसते. प्लॅस्टिक जातीची पावडर कोटात जवळजवळ दिसत नाही आणि अनवाणी पायालाही बोचत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठीण, टिकाऊ, गाडीच्या उताराला चांगली. पण पोरं पडली की गुडघे सोलवटतात. साधी चाळलेली वाळू स्वस्त पडते, मात्र कोट धुरकट दिसतो.

काम बिघडतं ते इथंच. पावडर डब्याच्या तळाशी बसते. रंगारी सुरुवातीला एकदा काठी फिरवतो आणि रोलर चालवत सुटतो. मग फाटकापाशी फरशी पहिल्यासारखीच गुळगुळीत, आणि शेवटच्या कोपऱ्यात अशी खरखरीत की झाडूचे हीर तुटून अडकतात. तेव्हा एक माणूस फक्त ढवळायला हवा, आणि ट्रेमध्ये एका वेळी थोडंच ओतायचं. दुसरी रीतही आहे. आधी ओल्या कोटावर पावडर हातानं, मीठ पेरावं तशी उधळायची, मग तिच्यावरून रोलर फिरवायचा. हात बसलेला असेल तर हीच रीत मला जास्त पटते. कुठं किती पडली ते डोळ्यांनी दिसतं.

जुना कोट पॉलियुरेथेनचा असेल तर तो नुसत्या थिनरला जुमानत नाही. आधी पॉलिश पेपरनं किंवा मशिननं घासून त्याची चकाकी मारावी लागते, नाहीतर नवा हात पापुद्र्यानं सुटतो. आणि एकावर एक तीन-चार कोट चढलेले असतील तर मलमपट्टी सोडा, सगळं काढून टाका. त्यानंतर दगडात मुरणारं सीलर मारा. सिलेन-सिलोक्सेन जातीचं हे सीलर वर पापुद्रा धरत नाही. पाणी आत शिरू देत नाही, पण दगडाची खरखर तशीच राहते. चकाकी मात्र मिळत नाही. उघड्यावरच्या फरशीला मी तरी हेच मारीन. चकाकी हवी तर ती घरात, सोप्यात ठेवावी.

झायलीन, थिनर पेट घेणारं असतं. विडी-काडी लांब, तोंडाला नुसता रुमाल नको, वाफेसाठीचा मास्क हवा, आणि पोरंबाळं घरात.

पागोळ्यांचं पाणी फरशीवर आपटत असेल तर वर कितीही पावडर घाला, ओल हटणार नाही. पन्हळ लावून पाणी बाजूला काढा. फरशीला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार असावा, सव्वा असला तर आणखी बरं. पायऱ्यांचं निराळं बघायचं. भाद्रपदात गणपती येतो तो भर पावसात. दोन्ही हातांत मूर्ती, नजर मूर्तीवर, पायाखालची पायरी दिसत नाही. अशा पायऱ्यांच्या कडेला खरखरीत चिकटपट्टी लावली तर कामाला येते. गुळगुळीत कोटावर ती छान चिकटते, फक्त लावताना जागा कोरडी हवी.

ज्यांची फरशी अजून घ्यायचीच आहे त्यांनी टाइलच्या खोक्यावर ‘आर’ अक्षरापुढचा आकडा वाचावा. तो ९ ते १३ असतो. जर्मन पद्धतीत तेल ओतलेल्या फळीवर बूट घातलेला माणूस चालवतात, फळी कलती करत जातात, आणि तो कुठल्या उतारावर घसरतो त्यावरून हा आकडा ठरतो. आर ९ घरातला, उघड्यावर ११ च्या खाली जाऊ नये. ब्रिटनमध्ये लंबकाच्या टोकाला रबर लावून तो ओल्या फरशीवरून झुलवतात. ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी, २४ किंवा खाली आला तर जास्त.

आता वेळेचं. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या फरशीवर सीलर मारलं तर ते पसरण्याआधीच आळतं आणि बुडबुडे धरतं. संध्याकाळी गारव्याला मारावं, तर नेमका तेव्हाच वळीव येतो. म्हणून आभाळ बघून सकाळी लवकर. फरशीत ओल असताना मारलं तर कोट खालून पांढुरका पडतो. धुतल्यावर निदान दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या. एकदा मिरग लागला की नाद सोडा. तोवर काथ्याची किंवा भोकांची रबरी मॅट टाका, आणि दसऱ्यानंतर उघडीप मिळाली की काम काढा.

आणि ठेकेदाराला सगळं अंगण एकदम हातात देऊ नका. कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा तुकडा करायला सांगा. तो दुसऱ्या दिवशी वाळला की बादलीभर पाणी ओता, आणि घरातली रोजचीच चप्पल पायात घालून त्यावरून चाला. आधाराला शेजारी कुणीतरी उभं असू द्या. पाय नीट धरला तर उरलेल्या कामाची उचल द्या.

नमस्कार.